पांढऱ्या कारल्याची परीक्षा

"बोट नको दाखवूस, पोरी. मुठीनं दाखव हवं तर, हनुवटीनं दाखव. कोवळं आहे ते, बोटाला भितं."

हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा वाटलं, वेलांआडून कुणी म्हातारी बोलतेय. उसाच्या शेतांवर धुकं बसलं होतं, मांडवाची जाळी दवानं जड झाली होती, आणि भाजी संशोधन केंद्रातल्या नोकरीच्या पहिल्याच सकाळी मी अंगठ्याएवढ्या एका पांढऱ्या कारल्याकडे तर्जनी रोखून उभी होते. वाकून पाहिलं तर म्हातारी नव्हती. कानावर चिमटा खोचलेला, बांबूच्या टोपीतला एक सडपातळ माणूस होता. एका हातात खुडलेलं नर फूल, दुसऱ्या हातानं वेलीवरचं मादी फूल हलकेच धरलेलं, आणि दोघांची गाठ घालून देताना तो फुलाला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात गुणगुणत होता:

दारी नवरा ग आला, नवरी अजून निजली
ऊठ कारल्याच्या लेकी, दवानं पायरी भिजली

हेच डॉक्टर त्साय, वेलभाज्या विभागाचे प्रमुख. माझ्या आईनं लहानपणी चंद्राला बोट दाखवू दिलं नव्हतं, चंद्र कान कापतो म्हणून. कोवळ्या दोडक्याला, कारल्यालाही नाही, कारण ते गळून पडतं. पण परदेशात शिकून आलेला माणूस हे मानत असेल असं मला वाटलं नव्हतं.

"तुम्ही मानता हे?" मी विचारलं.

"छे, मी कुठे मानतो," ते म्हणाले. "पण कारलं मानत असलं तर?"

तेव्हा मी पिंगतुंगच्या कृषी महाविद्यालयातून नुकतीच बाहेर पडलेली मुलगी होते. आता माझेही गुडघे पाऊस यायच्या आधी पाऊस सांगतात. मधल्या काळात मी संध्याकाळचे वर्ग करून पुढची पदवी घेतली, लग्न केलं, मुलाला तायपेईला धाडलं, आणि रोज पहाटे त्या मांडवाखाली फुलांची लग्नं लावली. विभागात आम्ही तिघं: डॉक्टर त्साय, मी, आणि कीम-ई, म्हणजे कीम मावशी. मावशी शेतावरच्या बायांची मुकादम. तिची जीभ अशी की कारल्यानं शिकवणी लावावी.

आमचं केंद्र भाज्यांचं. उष्ण देशांत रोगाला पुरून उरतील अशी टोमॅटो, मिरच्या, कारली, दोडकी तयार करायची आणि मागेल त्याला पाकिटातून बी पाठवायचं, हा उद्योग. अनेक देशांच्या पैशावर चालतं, म्हणून दर काही वर्षांनी बाहेरचे जाणकार येऊन आमची परीक्षा घेतात. काय केलंत, कशाला केलंत, पुढे कोण करणार. मग अहवाल लिहितात, आणि पुढची काही वर्षं आम्ही त्या अहवालाच्या तालावर नाचतो.

या वेळी अहवालाआधीच कुजबुज होती. पैसा आटलाय, एक विभाग जाणार. डॉक्टर त्साय पुढच्या उन्हाळ्यात निवृत्त होणार होते. मांडवावर होतं त्यांचं पांढरं कारलं, ज्याच्या पानाला पिवळा रोग शिवत नाही. वाण पक्कं व्हायला अजून दोन हंगाम हवे होते. विभाग बंद झाला तर मांडव उतरणार, त्या जागी टोमॅटोचं काचघर येणार, आणि कारलं शीतगृहातल्या डबीत जाऊन झोपणार. डबीतलं बी मरत नाही, पण त्याला कुणी उठवतही नाही.

परीक्षेच्या आधी कडेच्या दगडांना पांढरा रंग लागला. मोऱ्या धुतल्या गेल्या. कीम-ईनं बांधाच्या कोपऱ्यातल्या भूमिदेवाला नवं लाल कापड नेसवलं आणि उदबत्त्या लावून बजावलं, "हे बघ बाबा, इंग्रजी येत नसेल तर नुसता हसत बस. आमचे डॉक्टरही तेच करणार आहेत."

आमचे संचालक वीरकोन साहेब मूळचे कँडीचे. त्यांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, "पाहुण्यांशी मोकळेपणानं बोला. स्वतःच्या कामाबद्दल अभिमानानं बोला."

सगळ्यांनी माना डोलावल्या. बाहेर पडताना टोमॅटोवाले मिरचीवाल्यांना म्हणाले, "तुमचं काम खरंच मोठं." मिरचीवाले म्हणाले, "छे, कुठलं काय. तुमच्यापुढे आम्ही कोण." अभिमानाची तालीम तिथेच संपली.

आमच्याकडे असंच आहे. बारा पदार्थ रांधून ताटावर बसवायचं आणि म्हणायचं, काही केलेलं नाही हो, उपाशीच उठाल. पोरगा पहिला आला तर म्हणायचं, गाढवाला नशिबानं पेपर सोपा गेला. आपली स्तुती दुसऱ्यानं करायची, आपण ती दोन्ही हातांनी परत करायची. तोही परत करतो, आपणही करतो, आणि या देवाणघेवाणीत मधल्या मधे स्तुती नीट पोचते. गावात कुणाचं कधी नुकसान झालं नाही. कारण ऐकणाऱ्याला ठाऊक असतं, शब्दाला कितीनं गुणायचं ते.

समिती आली. तिघे यायचे होते, एकाला वाटेत बँकॉकला तापानं गाठलं, म्हणून दोघेच. अध्यक्ष डॉक्टर मारित ब्राउवर, हॉलंडच्या, बियाण्याच्या कामात केस पिकलेल्या, उंच, आणि बोलणं फुटपट्टीनं आखल्यासारखं. दुसरे प्राध्यापक ओमोंडी, किसुमूचे, अर्थशास्त्राचे, मोठ्या पोटाचे आणि त्याहून मोठ्या हसण्याचे. माझं इंग्रजी त्यातल्या त्यात बरं म्हणून दोघांच्या मागेपुढे फिरायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्या सकाळी मी दोघांना सबाही माशाची पेज खायला नेलं. ओमोंडींनी दोन वाडगे रिकामे केले. मारितबाईंनी काट्यांनी भरलेला मासा बघितला आणि म्हणाल्या, "मला हे आवडत नाही. पण आणल्याबद्दल आभार." दुकानदार थक्क झाला. चाळीस वर्षांच्या धंद्यात हे त्याला कुणी तोंडावर सांगितलं नव्हतं. आवडलं नाही तर आम्ही म्हणतो, पोट भरलंय.

मग प्रत्येक विभागप्रमुखाचं निवेदन. डॉक्टर त्सायना पंधरा मिनिटं दिली होती. त्यांनी सुरुवातीला जुन्या संचालकांचे आभार मानले, मग टोमॅटो विभागाचे, मग पाटाच्या पाण्याची वेळ पाळणाऱ्या माणसाचे, मग गेल्या दोन हिवाळ्यांतल्या हवेचे. हवेचे आभार मानताना त्यांनी आलेखसुद्धा दाखवला. तेरा मिनिटं तशीच गेली. शेवटच्या चित्रात कारलं होतं, तेही कोपऱ्यात.

"आमचं काम किरकोळ आहे," ते म्हणाले. "दाखवण्यासारखं फारसं नाही. आपला वेळ घेतला, क्षमा असावी."

खोलीतल्या आम्हा सगळ्यांना ते निवेदन सुंदर वाटलं. टोमॅटोवाल्यांचे तर डोळे पाणावले. मारितबाईंनी पेन उचललं आणि लिहून घेतलं.

त्यांनी विचारलं, "तुमच्यानंतर हे काम कोण करेल?"

डॉक्टर त्साय हसून म्हणाले, "आमची माणसं साधी आहेत. फारसं काही येत नाही. पण रोज येतात."

मी मागे उभी होते. मलाही हसू आलं. गेली कित्येक वर्षं ते माझी ओळख अशीच करून देतात: ही आ-चिन, हिला काही येत नाही. त्यात किती माया असते ते मला कळतं. मारितबाईंनी तेही लिहून घेतलं.

दुपारी शेतपाहणी. इथे दुसराच प्रसंग ओढवला. मारितबाई मांडवाखाली शिरल्या आणि बोट दाखवत सुटल्या. हे कुठलं, ते कोणत्या पिढीचं, हे वाकडं का. प्रत्येक कोवळ्या कारल्यावर एकेक तर्जनी. बायांच्या रांगेतून "आई ग" असा सुस्कारा वेलीवरून वारा जावा तसा सरकत गेला. एकीनं डोळे मिटले.

कीम-ई माझ्या कानाशी आली. "पोरी, हिला थांबव. ती परीक्षा घ्यायला आलीय की वंश बुडवायला?"

"मी कसं सांगू, मावशी? पाहुणी आहे."

"मग मी सांगते," म्हणून मावशी गेली. मला वाटलं आता काहीतरी होणार. पण मावशीनं फक्त दोन वाट्या गरम चहा आणला आणि वाकून, हसून एक मारितबाईंच्या उजव्या हातात दिली. त्या आभार मानताहेत तोवर दुसरी डाव्या हातात. मारितबाई गोंधळल्या, पण दोन्ही हात गुंतले. पुढचा सगळा मांडव त्या दोन वाट्या सांभाळत फिरल्या. एक घोट घेतला की मावशी किटलीनं परत काठोकाठ भरायची. शेवटी बाईंना विचारायचं असलं की त्या नाकानं दाखवू लागल्या. बाया खूश. ओमोंडी सगळं बघत होते, त्यांनी आपले हात आपणच पाठीमागे बांधून घेतले होते.

"इथे चहाचा फार आग्रह असतो," बाई मला म्हणाल्या.

"हो," मी म्हटलं. खोटं नव्हतं.

वाटेत त्यांनी मला सरळच विचारलं, "तुम्ही इथे इतकी वर्षं आहात. त्साय गेल्यावर हा विभाग तुम्ही चालवू शकाल?"

माझ्या मनात उत्तर तयार होतं. कुठला वेल कुठल्या आईचा हे मला झोपेतही सांगता येतं. बियांची वर्गवारी, रोगाच्या चाचण्या, सगळी गणितं मी करते. पण तोंड उघडलं तेव्हा तिथे माझी आई, आजी, सगळं गाव उभं होतं.

"छे, कुठलं काय," मी म्हटलं. "मला काय येतंय."

असं म्हणून मी वाट बघत राहिले, की बाई म्हणतील, नाही हो, तुम्ही उगाच विनय करताय. मग मी पुन्हा नाही म्हणेन, मग त्या पुन्हा म्हणतील, आणि तिसऱ्यांदा मी म्हणेन, प्रयत्न करून बघेन. बाई म्हणाल्या, "प्रामाणिकपणे सांगितलंत, आभारी आहे." आणि पुढे गेल्या.

चौथ्या दिवशी सभागृहात प्राथमिक निष्कर्ष वाचले गेले. टोमॅटो बरे निघाले, मिरच्यांना दोन टोमणे बसले. मग मारितबाईंनी पान उलटलं.

"वेलभाज्या विभाग. प्रमुखांच्याच मते काम किरकोळ आहे. त्यांच्यानंतर ते पुढे नेणारं कुणी नाही, असं प्रमुख आणि सहकारी दोघांनीही स्पष्ट सांगितलं. शिफारस: प्रमुख निवृत्त होताच विभाग बंद करावा." त्यांनी चष्मा काढला. "कुणाला वाईट वाटावं म्हणून मी हे लिहिलेलं नाही. मला सांगितलं गेलं तेच लिहिलंय. त्यात काही चूक असेल तर उद्या दुपारपर्यंत दाखवून द्या. त्यानंतर हे कायम होईल."

सभागृहात कुणी कुणाकडे बघेना. डॉक्टर त्सायनी उठून समितीला नमस्कार केला, आणि चहापानाला जाऊन ओमोंडींना अननसाची वडी खाऊ घातली.

संध्याकाळी आम्ही तिघं शेडमध्ये बसलो होतो. पिवळ्या पिशव्यांत उद्या उमलणाऱ्या, खुडून आणलेल्या नर कळ्या बांधून ठेवायची वेळ. डॉक्टर पिशव्या बांधत होते, नेहमीसारखेच.

"त्यांचं बरोबर आहे," ते म्हणाले. "आपणच सांगितलं, त्यांनी लिहिलं."

"अहो डॉक्टर," कीम-ई म्हणाली, "तुमच्या घरी चोर आला तर त्याला म्हणाल, फारसं काही नाही हो, वेळ गेला तुमचा. आणि पिशवी धरायला मदत कराल."

"मावशी, स्वतःच्या तोंडानं कसं सांगायचं?"

"मग काय कारल्याच्या तोंडानं सांगायचं? त्याला तोंड असतं तर कधीच बोललं असतं. ते तुमच्याएवढं सभ्य नाही." मग ती माझ्याकडे वळली. "आणि ही. हिला विचारलं तर ही म्हणे मला काय येतंय. खरंच येत नसतं तर मी कधीच हाकलली असती."

मी मान खाली घातली. हे मावशीनं माझ्याबद्दल बोललेलं आजवरचं सगळ्यात चांगलं वाक्य होतं, आणि ते चघळत बसायलाही वेळ नव्हता.

"सकाळी त्यांना मांडवात बोलावते," मी म्हटलं. "फुलं उघडतात तेव्हा. तुम्ही फक्त चूक दुरुस्त करायची, डॉक्टर. स्तुती नाही, दुरुस्ती."

"दुरुस्ती," ते पुटपुटले. शब्द त्यांना जरा पटला. मग म्हणाले, "पण वीरकोन साहेबांनाही बोलाव. दुसऱ्या कुणी सांगितलं तर बरं दिसेल."

सकाळी सगळे आले. मांडवाखाली हिरवा उजेड होता, फुलं नुकती उमलली होती, आणि मारितबाई आपण होऊन दोन्ही हात पुढे करून उभ्या राहिल्या. मावशीनं त्यांत चहा ठेवला.

वीरकोन साहेबांनी सुरुवात केली. त्साय हे या केंद्राचं भूषण, त्यांच्या वाणांना अनेक देशांत मान.

"साहेब दयाळू आहेत," डॉक्टर त्साय इंग्रजीत म्हणाले. "ही अतिशयोक्ती आहे."

साहेबांनी कपाळाला हात लावला. कीम-ईला इंग्रजी येत नाही, पण सूर कळतो. तिनं टोपलीच्या आडून डॉक्टरांच्या पायावर पाय दिला.

"बघा," मारितबाई म्हणाल्या, "हे असं होतं. संचालक एक सांगतात, तुम्ही दुसरं. काम तुमचं, मग मी कुणाचं खरं मानू?"

ओमोंडी हसायला लागले. हसू आवरून म्हणाले, "डॉक्टर त्साय, माझी आई सबंध वस्तीला जेवू घालायची आणि म्हणायची, मला स्वयंपाक येत नाही. तेव्हा तुम्हाला सोडून देऊ. तुमच्याबद्दल काही विचारत नाही. कारल्याबद्दल विचारतो. कारलं कसं आहे?"

डॉक्टर त्सायनी वेलाकडे बघितलं. "वाईट नाही," ते म्हणाले.

मारितबाईंनी चहाच्या वाट्या माझ्या हातात दिल्या आणि पेन काढलं. "वाईट नाही. म्हणजे मध्यम."

"थांबा," मी म्हटलं, "ते लिहू नका." आमच्याकडे 'वाईट नाही' हे सुनेबद्दल सासूच्या तोंडून आलं तर सून पेढे वाटते. पण हे दोन वाट्या धरून, घाईघाईत कसं समजवायचं?

"मध्यम?" डॉक्टर त्साय म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर एक रेघ उठली. स्वतःला किरकोळ म्हणवून घेताना ती कधी दिसली नव्हती. "मध्यम नाही."

"मग?"

"बरं आहे."

"बरं म्हणजे मध्यमच."

"चांगलं आहे."

"किती चांगलं?"

"पलीकडच्या शेतातले सगळे वेल या रोगानं पिवळे पडले," डॉक्टर म्हणाले, आणि आता त्यांचा आवाज विनय विसरायला लागला. "तुम्ही त्या दिवशी बघितलेत. इथे एक पान पिवळं दाखवा. दाखवा." आणि बोलण्याच्या भरात त्यांनी वेलाकडे सरळ तर्जनी रोखली. बायांनी श्वास धरला. डॉक्टरांना आपलं बोट दिसलं, त्यांनी ते मुठीत मिटलं, पण बोलणं मिटलं नाही. "कडूपणा बेताचा, साल जाड, बाजारात चार दिवस टिकतं. गेल्या दहा वर्षांत पांढऱ्या कारल्याचं एवढं चांगलं वाण मी पाहिलेलं नाही. कुठेच नाही."

"कुणी केलं ते?"

"माती चांगली होती. हवा... बरीच माणसं होती."

"डॉक्टर त्साय," मारितबाई शांतपणे म्हणाल्या, "कुणी?"

डॉक्टरांचे कान लाल झाले. माझी खात्री आहे की आपल्या लग्नातही ते इतके लाजले नसतील.

"मी," ते म्हणाले.

मारितबाईंनी एक ओळ खोडली. खोडतानाचा तो आवाज मला पाटाला पाणी सुटल्यासारखा वाटला. "काम किरकोळ आहे, हे गेलं," त्या म्हणाल्या. "पण अर्धाच प्रश्न सुटला. तुम्ही उन्हाळ्यात जाणार. वाण पक्कं व्हायला दोन हंगाम. पुढे नेणारं कुणी नसेल तर चांगलं कारलंही डबीतच जाईल. माझी शिफारस तिथे अजून उभी आहे."

डॉक्टर त्सायनी माझ्याकडे बघितलं. मी वाट्यांतल्या चहाकडे बघितलं. आपल्या हाताखालच्या माणसाची पाहुण्यांपुढे स्तुती करणं म्हणजे स्वतःची करण्यापेक्षाही उघडंवाघडं. बाप लेकीबद्दल असं बोलत नाही. हे मलाही कळत होतं आणि त्यांनी ते करावं असं मनातून मागणं, हेही मला पेलत नव्हतं.

मग ते बोलले. इंग्रजीत नाही, आमच्या बोलीत, आणि माझ्याकडे नाही, वेलाकडे तोंड करून, तो मऊ, थोडा नाकातला आवाज. बराच वेळ बोलले. टोपल्या खाली ठेवून बाया ऐकत राहिल्या. कीम-ईनं एकदा पदरासारखं गळ्यातलं फडकं डोळ्यांना लावलं आणि लगेच घाम पुसल्यासारखं केलं.

"काय म्हणाले?" मारितबाईंनी मला विचारलं.

माझी जीभ आपल्या जुन्या वाटेनं चालू लागली.

"ते म्हणतात," मी इंग्रजीत सांगितलं, "की मी कामावर वेळेवर येते."

कीम-ईनं मला चिमटा काढला. भाषा न येताही तिला कळलं की मी काय केलंय.

"नाही," डॉक्टर त्साय म्हणाले. ते आता मारितबाईंकडे वळले होते आणि इंग्रजीत, एकेक शब्द वेचून ठेवत बोलत होते. "तिनं बरोबर सांगितलं नाही. मीसुद्धा मघाशी बरोबर सांगितलं नाही. मी आयुष्यात पहिल्यांदा 'मी' म्हटलं आणि तेही पुरतं खरं नव्हतं. तिसऱ्या पिढीत एक वेल खुरटा निघाला. मी आ-चिनला म्हटलं, उपटून टाक. तिनं उपटला नाही. मांडवाच्या मागच्या बाजूला लपवून वाढवला, त्याची फुलं स्वतः जुळवली, त्याचं बी गुपचूप रांगेत मिसळलं. हे सगळं कारलं त्या वेलाचं आहे. तिला वाटतं मला माहीत नाही."

मला खरंच तसंच वाटत होतं. मी हातातल्या वाट्या खाली ठेवल्या.

"मला त्याच हंगामात कळलं होतं. मी रोज त्या वेलापाशी जाऊन उभा राहायचो आणि परत यायचो. तिला काही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर माझी चूक होती हेही म्हणावं लागलं असतं, आणि तिची नजर माझ्याहून चांगली आहे, हेही." त्यांनी टोपी काढली. "हा मांडव तिला चालवता येईल का, असं तुम्ही विचारलंत. बाई, तो तीच चालवतेय."